सोसायटीची रसद

डोंबिवलीकराच्या खांद्यावरची पिशवी कधी उलटी करून पाहावी. पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, बारा महिने छत्री, डोकेदुखीच्या गोळ्या, एका पिशवीत कोंबलेल्या आणखी चार पिशव्या, आल्याच्या वड्या, आणि अगदी तळाशी चिवड्याची एक पुडी, जिला कोणी तारीख विचारत नाही. ओव्हरहेड वायर तुटून गाडी दिवा स्टेशनच्या अलीकडे तास-दीड तास उभी राहिली, तरी या पिशवीचा मालक शांतपणे वड्या वाटत बसतो. जगबुडी आली तर पहिले बहात्तर तास कसे काढायचे, या विषयावर अमेरिकेतली माणसं तासतासभराचे व्हिडिओ करतात. आमच्याकडे याला कामावर जाणं म्हणतात.

एवढी तयारी अंगात मुरलेल्या माणसाला सैन्याचं खाणं विकत घ्यायची पाळी यायला नको. पण मे २०२५ मध्ये ती आली.

पहलगामच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम जाहीर झाली, यादीत ठाण्याचं नाव होतं, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या पाणी कमी दाबाने येईल' याच्या खाली 'युद्धकाळात घरात काय असावे' ही यादी येऊन पडली. टॉर्च, मेणबत्त्या, रोख रक्कम, औषधं, कोरडं खाणं. देशात धान्याचा साठा भरपूर आहे, साठेबाजी करू नका, असं सरकारने सांगितलं. 'साठा भरपूर आहे, घाबरू नका' हे वाक्य ऐकलं की मराठी गृहिणी पायात चपला सरकवते आणि वाण्याकडे निघते. चुकतं तिचं काहीच नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं त्याच्या आधी महिनोन्‌महिने रसद तुटली होती. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत फौज बाहेर पडली. तेव्हापासून आपण रवा, साखर आणि शेंगदाणे कमी पडू देत नाही.

तर त्या यादीखाली तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने लिहिलं, "आर्मीवालं रेडी टू ईट मागवू या का? वर्षभर टिकतं. गरमसुद्धा करावं लागत नाही." प्रतिसाद शून्य. पाच मिनिटांनी त्याने पुढे लिहिलं, "बल्कमध्ये घेतलं तर डिस्काउंट आहे." शत्रूच्या ड्रोनने जे साधलं नव्हतं ते या एका वाक्याने साधलं. एरवी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी कुटुंबं एका खोक्यात एकत्र आली. राजमा-चावल, व्हेज पुलाव, दाल फ्राय, उपमा, सुजी हलवा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी फक्त एवढंच विचारलं की यात मेतकूट आहे का.

सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ आजोबा मात्र नाराज होते. ते म्हणाले, "पासष्ट साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही नाही जेवलो. तुम्हाला युद्ध म्हटल्यावर हलवा आठवतो!"

शस्त्रसंधी १० मेला झाली. खोकी त्यानंतर आली. आधुनिक युद्ध हे कुरिअरपेक्षा वेगवान असतं, हा धडा कोणत्या संरक्षणतज्ज्ञाने टीव्हीवर सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता 'आर्मीवालं' म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगायला हवं, कारण आमच्या ग्रुपवर निम्म्या लोकांची समजूत अशी की हे कारगिलच्या एखाद्या चौकीतून थेट मानपाडा रोडला आलं आहे. तसं नसतं. म्हैसूरला १९६१ पासून डीआरडीओची एक प्रयोगशाळा आहे, डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी या नावाने सुरू झालेली. बर्फात, वाळवंटात, पाणबुडीत, म्हणजे जिथे कुकर लावता येत नाही अशा ठिकाणी जवानाने काय खावं, याचा अभ्यास तिथे चालतो. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा खाणं इथलंच होतं, आणि त्यात सुजीचा हलवा होता. म्हणजे सत्यनारायण न घालता शिरा थेट अवकाशात. या प्रयोगशाळेने आपलं तंत्र खासगी कारखान्यांनाही दिलं, त्यामुळे आज मॉलच्या फळीवर जी पाकिटं दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं आजोळ म्हैसूरच. खाणं शिजवायचं, पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिप्रॉपिलिन अशा थरांच्या पाकिटात भरून बंद करायचं, आणि पाकिटासकट वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवायचं. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. वर्षभर फ्रीज लागत नाही.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कुकरच की. किती शिट्ट्या?"

या धंद्यात आपण मागे नाही, उलट फार पुढे आहोत, हे मला नव्याने कळलं. अमेरिकेतल्या दुकानांत 'मद्रास लेंटिल्स' नावाची पाकिटं ढिगाने विकली जातात. ती शिजतात पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या भांडगावला. टेक्सासमधला एखादा गृहस्थ तळघरात बंदूक, पाण्याची पिंपं आणि टिकाऊ खाणं मांडून जगाच्या अंताची वाट पाहत बसला असेल, तर त्याच्या अखेरच्या जेवणाची सोय सोलापूर रस्त्यावर झालेली असण्याची दाट शक्यता आहे.

अस्सल अमेरिकन लष्करी जेवण ही आणखी वेगळी चीज. 'मील, रेडी टू ईट', म्हणजे एमआरई. साधारण साडेबाराशे कॅलरींची एक तपकिरी पिशवी. तिच्या आत मुख्य पदार्थ, बिस्किटं, चीज, कॉफी, च्युइंग गम, काड्यापेटी आणि टॉयलेट पेपर, म्हणजे आदि ते अंत. खोक्यावर 'सरकारी मालमत्ता, विक्री बेकायदा' असा छापील इशारा असतो आणि विक्री इंटरनेटवर जोरात चालते. हे वाचून अमेरिकेबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. जेवण तापवायला जाळ लागत नाही. मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड असलेल्या पिशवीत थोडं पाणी ओतायचं, तेवढ्यावर ती उकळायला लागते. पिशवी तिरकी टेकवून ठेवायची असते, आणि कशाला टेकवायची याचं चित्र वर छापलेलं आहे. चित्रात एक धोंडा आहे आणि त्याच्या शेजारी लिहिलंय, 'धोंडा किंवा तसलं काहीतरी'. जगातल्या सर्वांत महागड्या सैन्याच्या कागदपत्रांत 'तसलं काहीतरी' लिहिणारा कारकून मला भेटायचाय. तो नक्की आमच्या महापालिकेत नोकरीला लागू शकेल.

या अमेरिकन जेवणात चोवीस प्रकार असतात आणि त्यांतले चार शाकाहारी. शाकाहारींपैकी एक होतं चीज आणि भाज्यांचं ऑम्लेट. सैनिकांनी त्याचं जे नाव ठेवलं ते ओकारीवरून होतं. शेवटी लष्करालाच ते बंद करावं लागलं.

पण आमच्या सोसायटीची खरी अडचण शाकाहाराची नव्हती. ती उपवासाची होती. खोकी उघडून पाकिटं मांडल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शांतपणे प्रश्न टाकला, "युद्ध संकष्टीला झालं तर?" एकदम सन्नाटा. तसं पाहिलं तर संकष्टी आहे, दोन एकादश्या आहेत, श्रावणी सोमवार आहेत, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, कोणाचा मंगळवार, कोणाचा शनिवार. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणजे दाल फ्राय बाद. पर्युषणात चौथ्या मजल्यावरच्या शेठजींचं सगळंच बाद. हिशेब केला तेव्हा शत्रूला आमच्यावर हल्ला करायला सोयीचे दिवस फारच थोडे उरले. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी पाणबुडीचा विचार केला, अवकाशाचा केला, पण अंगारकीचा केलेला दिसत नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदार आहेत, साताऱ्याकडचे, अपशिंगे मिलिटरी या गावचे. ज्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे तिथल्या माणसाचं मत घ्यायलाच हवं होतं. त्यांनी एक पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "ह्ये घरी बसून खायाचं?"

"इमर्जन्सीसाठी, सुभेदारसाहेब."

"वर पोस्टवर आसतं बघा, तिथं भूकच लागत न्हाय. हवा इरळ. खावंसं वाटतच न्हाय मान्साला. म्हून शक्करपारे देत्यात, चॉकलेट देत्यात. जबरदस्तीनं खायाचं. आन्‌ प्याकेट फोडलं की पहिलं काम काय म्हाईतै का?"

आम्ही सगळे पुढे वाकलो. आता काहीतरी लष्करी गुपित कळणार.

"कांदा हुडकायचा. कांदा आन्‌ हिरवी मिरची. त्याबिगर ह्ये उतरत न्हाय."

सैन्याच्या अन्नाबद्दल मी पुढे बरंच वाचलं, पण या निवेदनात भर घालण्यासारखं फारसं सापडलं नाही. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सरकारने टिकाऊ अन्नासाठी बारा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. निकोला अपेर नावाच्या हलवायाने बाटल्या उकळून ते १८१० मध्ये पटकावलं. पाठोपाठ पत्र्याचे डबे आले. डबे उघडायचं हत्यार मात्र आलं त्यानंतर चांगली पन्नासेक वर्षांनी. तोवर शिपाई छिन्नी-हातोड्याने जेवायला बसत. कल्याणकरांना यात नवल वाटणार नाही. पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये मिळाला. मधल्या काळात आम्हीही जवळपास छिन्नी घेऊनच प्रवास केला.

खोकी ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. जिन्याखाली मीटर, पंपाच्या खोलीत पाणी, म्हणून गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्राशेजारची खोली ठरली. मग आयटीतल्या मुलानेच आणखी एक माहिती काढून आणली आणि सर्वांचा मूड घालवला. अमेरिकन लष्कराच्या मापाने त्यांचं जेवण साधारण २७ अंश तापमानात तीन वर्षं टिकलं पाहिजे आणि ३८ अंशांत सहा महिने. २७ अंश! आमच्याकडे २७ अंशांना लोक कपाटातून शाल काढतात. एप्रिलमध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवरच्या त्या खोलीत काय होत असेल ते लिफ्टवाल्याला विचारा. अमेरिकनांच्या खोक्यांवर म्हणे एक गोल टिकली असते. उष्णतेने आतला ठिपका काळवंडत जातो, तो कड्यापेक्षा गडद झाला की माल संशयास्पद. आमच्या घरी या कामासाठी आईचं नाक आहे. त्याला अजून कोणत्याही प्रयोगशाळेने मागे टाकलेलं नाही.

अखेर खोकी खाली आली आणि बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, स्थानापन्न झाली. काकांनी रजिस्टर घातलं. किल्ली त्यांच्याकडे. पाकीट हवं असेल तर लेखी अर्ज, सचिवाची सही, आणि 'आपत्तीचे स्वरूप' असा एक रकाना.

त्या रकान्यानेच सगळा घोळ केला. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं, लोकल बंद पडल्या, घरोघरची माणसं मुंबईत अडकली. अर्ज आला. काकांनी विचारलं, "घरात तांदूळ आहे?" होता. "मुगाची डाळ?" होती. "मग यात आपत्ती कसली?" एका रात्री रोहित्र उडालं, अंधार गुडुप. गॅस होता, खिचडी झाली. एकदा गॅस संपला. वीज होती, इंडक्शनवर पोहे झाले. एमआयडीसीतून कधी नव्हे इतका उग्र वास आला, डोळे चुरचुरले. पण त्या वासात कोणालाच काही खायची इच्छा होईना. एकाच वेळी वीज, गॅस, पाणी, वाणी, पोळीभाजी केंद्र आणि शेजारी असं सगळं बंद पडेल तेव्हाच राजमा फोडता येईल, असं हळूहळू स्पष्ट होत गेलं. आणि तसं झालंच, तर पोळीभाजी केंद्र बंद पडलेल्या डोंबिवलीत जगून तरी करायचं काय, असा सूर निघाला.

खरं तर हा मुलूख संकटांच्या बाबतीत कधी गरीब नव्हता. कल्याणला लागून इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्याची छावणी उभारली. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या लाखाच्या जवळपास निर्वासितांना ठेवलं. १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. सैन्याच्या जागेत, सरकारी शिध्यावर जी माणसं आली त्यांनी हां हां म्हणता पापड, मिठाया आणि दाल-पकवानाचे धंदे उभे केले आणि आसपासच्या सगळ्यांना खायला घातलं. आमच्या खोक्यांचा प्रवास नेमका उलटा: चांगल्या खात्यापित्या घरांतून सैन्याच्या राजम्याकडे.

बहात्तरच्या दुष्काळातलं सरकारी तयार अन्नही अनेकांना आठवत असेल. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या बीडच्या. त्यांना मी पुलावाचं पाकीट दाखवलं आणि सांगितलं की हे संकटात खायचं असतं. त्या म्हणाल्या, "दादा, संकटातली सुकडी आम्ही लई खाल्ली. पण ती इकत न्हवतो घेत."

याला उत्तर नाही.

ठाण्याची तऱ्हा वेगळी. माझा मेहुणा घोडबंदर रोडला एकतिसाव्या मजल्यावर राहतो. त्याचं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ आहे की तिथे स्वयंपाक होत असेल असा संशयसुद्धा येत नाही. डबे एकसारखे, काचेचे, रिकामे. कोथिंबीर हवी, फोन काढला. अंडी हवीत, फोन काढला. दहा मिनिटांत माणूस दारात. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी धो धो कोसळत होतं आणि त्याच्या फोनवर 'आपल्या भागात सेवा तात्पुरती बंद आहे' अशी ओळ उमटली. त्याने मला जो फोन केला त्यातला आवाज मी आधी फक्त हॉस्पिटलच्या बाहेर ऐकला होता. घरात सोया सॉस होता, तीन प्रकारचे ऑलिव्ह होते आणि कुत्र्याचं खाणं होतं. ज्या शहरात १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, त्या शहरातल्या सुशिक्षित, आयकर भरणाऱ्या कुटुंबाने त्या दिवशी दुपारचं जेवण ऑलिव्हवर काढलं. आमचा राजमा खऱ्या अर्थाने त्याच्या उपयोगाचा होता, पण अर्ज फक्त सभासदांनाच करता येतो.

या बाबतीत मला विचाराल तर जुन्या गावठाणातल्या आगरी घरांचं शास्त्र सर्वांत पक्कं. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे आगोट भरतात. समुद्र बंद, शेतात चिखल, बाजाराला जायची सोय नाही, हे धरून चार महिन्यांची व्यवस्था: तांदूळ, मसाला, चिंच, मीठ, कांद्याच्या माळा, आणि सुकं. बोंबील, जवळा, सोडे, बांगडा. त्या डब्याचं झाकण उघडलं की अख्ख्या आळीला कळतं की कोणाकडे आपत्ती व्यवस्थापन चालू आहे. माझा एक मित्र डोंबिवली पश्चिमेच्या अशाच घरातला. त्याची आजी आता नव्वदीत आहे. तिला मी वाफेचा दाब, १२१ अंश वगैरे सांगून पाहिलं. तिने विचारलं, "यान पानी हाय ना? मंग टिकंल कसा?" नव्वद वर्षांचा तिचा अनुभव असा की ज्यातलं पाणी गेलं तेच टिकतं. मी म्हैसूरची बाजू मांडली. ती ऐकून घेत होती आणि सुकट निवडत होती.

आमच्या ब्राह्मणी घरातली आगोट म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, भाजणी. आई ते सगळं अजून करते. मी राजम्याचं पाकीट पहिल्यांदा घरी आणलं तेव्हाचा आमचा संवाद असा.

"कधी केलंय हे?"

"मार्चमध्ये."

"आज मे. म्हणजे दोन महिन्यांचं शिळं."

"अगं, अजून दहा महिने टिकेल."

"शिळं किती दिवस शिळं राहील, एवढंच सांगतोयस तू."

हे बोलताना ती बरणीतून लिंबाचं लोणचं काढत होती. ते माझ्या लग्नाच्या वर्षी घातलेलं. माझी मुलगी आता दहावीला आहे.

आणि २६ जुलै. इकडच्या कोणाशीही संकटाबद्दल पाच मिनिटं बोललात की गाडी तिथे येतेच. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास आणि वालधुनी नद्या घरांत शिरल्या. आम्ही तेव्हा कल्याणला दुमजली चाळीत होतो. तळमजल्याचं धान्य पाण्यात गेलं. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी डबे उघडले, कोणीतरी लग्नातलं मोठं पातेलं काढलं, आणि गॅलरीत खिचडी रटरटायला लागली. त्या रात्री कोणाच्या घरात नेमकं काय आहे आणि किती आहे, हे सगळ्या चाळीला कळलं. एका घरात साखरेचे तीन मोठे डबे निघाले. त्याच घरातल्या बाई आदल्या आठवड्यात आमच्याकडे वाटीभर साखर उसनी मागून गेल्या होत्या. हा विषय कल्याणात अजून संपलेला नाही.

२०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, सुमारे एक हजार पन्नास प्रवासी. नौदल आलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आली. रेल्वेच्या पोलिसांनी बिस्किटं आणि पाणी वाटलं. आणि एवढ्या सगळ्या लष्करी धावपळीनंतर सुटका झालेल्यांच्या जेवणाची सोय कुठे केली? मंगल कार्यालयात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे हजार माणसांना एका वेळी वाढण्याचा अनुभव जगात कोणत्याही सैन्यापेक्षा केटररला जास्त आहे, आणि तो अनुभव दर मुहूर्ताला ताजा होतो.

तर अशा या मुलखात आमची खोकी पंख्याखाली पडून राहिली. वर्ष उलटायला आलं. पाकिटांवरची तारीख जवळ येऊ लागली तशी काकांची झोप उडाली. अखेर विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आला.

पहिली हरकत हिशेबतपासनिसाची. हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा? सिंकिंग फंडात टाका, असं एकाने सुचवलं. नावावरून ते पुराशी संबंधित वाटतं, असा त्याचा युक्तिवाद. दुसऱ्याचं म्हणणं, राजमा ही स्थावर मालमत्ता नाही, पण जंगमही म्हणता येत नाही, कारण ती वर्षभर हललेली नाही. घसारा धरायचा का? धरायचा तर दरसाल शंभर टक्के. एका सभासदाने भाडेकरूंचा वाटा किती, असं विचारून सभा अर्धा तास लांबवली.

मग पाकिटं संपवायची कशी, यावर चर्चा झाली. सुजीचा हलवा सत्यनारायणाच्या प्रसादाला वापरू, अशी सूचना आली. गुरुजी योगायोगाने सभासदच आहेत. त्यांनी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली आणि म्हणाले, "दोनशे ग्रॅम लिहिलंय. सव्वाच्या प्रमाणात नाही. शिवाय केळं घातलेलं दिसत नाही." सूचना मागे घेण्यात आली. नववर्षाच्या पार्टीला पुलाव वाढू, असं तरुण मंडळी म्हणाली. सुभेदारांनी कांद्याची अट घातली. वहिनींनी वाटून घ्या म्हटलं, तर कोणाला हलवा आणि कोणाला उपमा यावरून दोन मजले भांडले. उपमा कोणालाच नको होता.

शेवटी आयटीतल्या मुलाने तोडगा मांडला. नियमाप्रमाणे पाकिटं आपत्तीतच फोडता येतात ना? मग सभेनेच ठराव करून आपत्ती जाहीर करावी. एका संध्याकाळपुरती. सगळं फोडावं, खावं, रजिस्टर बंद करावं. हे बहुतेकांना पटलं. सचिवांनी लिहायला घेतलं: 'सभा याद्वारे आणीबाणी जाहीर करीत आहे...'

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून ज्येष्ठ आजोबा उठले. पंचाहत्तर साली त्यांनी मिसाखाली नाशिकच्या तुरुंगात बरेच महिने काढले होते. सभागृह शांत झालं.

"आणीबाणी जाहीर करायला माझा विरोध नोंदवा," ते म्हणाले. "मागच्या वेळी निदान आमटी गरम असायची."

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तोवर पुलावाची तारीख उलटून गेलेली असेल, ही गोष्ट इतिवृत्तात लिहावी की नाही, यावर वेगळं मतदान घेण्यात आलं.